पप्पांची फॉरवर्ड

दिपाली कापगते कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन झाली, त्याला पंधरा दिवसही झाले नसतील, तोच हर्षा लांजेवार मैदानावर आली. पायात रबरी चप्पल, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, आणि चेहरा असा, की कुणी तिला नुसता पत्ता विचारायला पाठवलंय. खो-खोच्या टीममध्ये जागा उरली नव्हती म्हणून कॉलेजच्या क्रीडा अधिकारी रोशनी मॅडमनी तिला इकडे ढकललं होतं.

“पहले कभी खेली हो?” मॅडमनी विचारलं.

“नहीं मॅडम. बस दौडती हूँ.”

“तो दौडो.”

हर्षाने चपला काढून गोलच्या खांबाशी नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी धावली. मैदानाचं ते टोक शिवून ती परत आली, तेव्हा तिच्यासोबत निघालेल्या दोघी अजून जातच होत्या. दिपालीने टाळ्या वाजवल्या. टीम कसली, अकरा मुली जमवताना मॅडमच्या नाकीनऊ यायचे. त्यातल्या चार फुटबॉलच्या, बाकी कबड्डीतून आणि एनसीसीतून उसन्या आणलेल्या. त्यात धावणारी एक मिळाली याचा दिपालीला त्या दिवशी खरोखर आनंद झाला होता. पुढे तो आनंद आठवला की तिला स्वतःचीच चीड यायची.

दिपालीचं हे तिसरं वर्ष, म्हणजे शेवटचा सीझन. पहिल्या वर्षीपासून टीमची फॉरवर्ड तीच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या वर्षी टीम पहिल्याच मॅचला गारद झाली, दुसऱ्या वर्षी सेमीफायनलला. यंदा फायनल गाठायची आणि विद्यापीठाच्या टीमची जर्सी अंगात घालायची, हे तिने मनात पक्कं करून टाकलं होतं. मनात आणि पप्पांजवळ.

पप्पा म्हणजे देवीदास कापगते. भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनतात तिथे, ऑपरेटर. त्यांचे वडील विदर्भातली, साकोलीकडची धानाची शेती भावांवर सोडून छत्तीसगडात भिलाईला आले, आणि देवीदास तिथल्या रुआबांधा वस्तीच्या मैदानावरच वाढले. जवानीत ते प्लांटच्या डिपार्टमेंटल लीगमध्ये लेफ्ट आऊट खेळायचे. डाव्या पायाने असा बॉल घालायचे, की अजूनही एखादा रिटायर्ड माणूस बाजारात भेटला तर त्यांचा हात धरून तेच बोलत बसतो. गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग दिपाली सात वर्षांची झाल्यावर त्यांनी तिला क्वार्टरच्या मागच्या भिंतीसमोर उभं केलं आणि डाव्या पायाने शंभरदा बॉल मारायला लावला. रोज शंभरदा. उजव्या पायाने मारला की तो मोजायचा नाही.

फर्स्ट शिफ्ट असली की पप्पा तीनला सुटायचे आणि थेट कॉलेजच्या मैदानावर यायचे. जाळीच्या कुंपणाबाहेर स्कूटर उभी करून तिच्यावरच बसायचे. बोलायचे काही नाहीत. दिपालीला सवय झाली होती. तिने बॉल मारला की ती एकदा कुंपणाकडे बघायची, आणि पप्पांची मान हलली की समजायची, बरोबर पडला.

ऑगस्टच्या शेवटी एका दिवशी तिने असंच बघितलं, तर पप्पा स्कूटरवर नव्हते. ते जाळीच्या आत येऊन, गुडघा गेलेला पाय जरा ओढत, हर्षाजवळ उभे होते.

“पाय वाकवून नको मारू पोरी, घोटा कडक ठेव. असा. बॉलच्या बाजूला उजवा पाय रोवजो, मंग डावा आणजो.”

“असा का काका?”

“हां! बघ, गेला का नाही?”

दिपाली जागच्या जागी थबकली. पप्पा तिला शिकवत होते हे एक झालं. पण ते मराठीत बोलत होते. मैदानावर सगळे हिंदीतच बोलत. दिपाली आणि पप्पासुद्धा घराचा उंबरा ओलांडला की हिंदीवर यायचे. मराठी म्हणजे घरातली, आईच्या चुलीजवळची, तिघांची. हर्षाचे लोकही मराठीच, तुमसरकडचे निघाले. बाप सुखराम भिलाईजवळच्या जामुलच्या सिमेंट फॅक्टरीच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. एवढी चौकशी पप्पांनी एकाच संध्याकाळी करून घेतली होती, आणि जेवताना आईला सगळी सांगितली.

“बाप्पा, काय धावते ती पोट्टी!” पप्पा भात कालवत म्हणाले. “पाय तं असा हाय, की नुसतं वळण लावायची गरज हाय.”

“आमच्या दिपालीसारखा?” आईने, ममताने, सहज विचारलं.

पप्पांनी विचार केला. त्यांनी विचार केला, हेच दिपालीला लागलं.

“दिपालीचं वेगळं,” ते म्हणाले. “हिचं शिकून झालं.”

दिपालीने वरण पुन्हा घेतलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

सप्टेंबरमध्ये रोशनी मॅडमनी टीमची मांडणी बदलली. हर्षा फॉरवर्ड, दिपाली तिच्या मागे हाफ. “बॉल बनाके देने वाली चाहिए, और वो तुम ही हो,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते कौतुक म्हणूनच सांगितलं होतं. दिपालीने मान डोलावली, सगळ्यांसमोर हर्षाच्या पाठीवर थापही मारली. त्या थापेत जरा जास्त जोर होता. हर्षा हसून पुढे दोन पावलं गेली.

क्वार्टर फायनल त्यांनी तीन-शून्यने जिंकली. हर्षाचे दोन गोल. दोन्ही गोलांचे पास दिपालीचे होते, एक तर असा चिरत गेलेला, की समोरच्या दोन मुली एकमेकींवर आदळल्या. पण मुलींनी उचलून घेतलं ते हर्षाला. पप्पाही जाळीशी उभं राहून दोन्ही हात वर करून टाळ्या पिटत होते. ते हात आपल्यासाठी किती आणि तिच्यासाठी किती, याचा हिशेब दिपालीला घरी पोचेपर्यंत सुटला नाही.

आणि हर्षाचं वागणं असं, की रागवावं तर कारण सापडू नये. ती बाटली भरून आणायची तर आधी दिपालीला द्यायची. “दीदी, तुझा पास डोळे मिटूनही सापडते,” म्हणायची. पप्पांनी दिपालीचे जुने बूट तिला दिले, तेव्हा तिने आधी दिपालीला विचारलं होतं, “घेऊ का?” बूट दिपालीला दोन वर्षांपूर्वीच लहान झाले होते. माळ्यावर पडून होते. “घे ना,” ती म्हणाली. आणि नंतर रोज मैदानावर ते बूट धावताना बघून तिच्या पोटात कुणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं.

सेमीफायनल राजनांदगावच्या टीमशी. शून्य-शून्य, शेवटची चार मिनिटं. दिपालीला मध्ये बॉल मिळाला, समोर डावीकडे हर्षा एकटी, हात वर करून, “दीदी! दीदी!” गोलकीपर उजवीकडे सरकलेली. दिपालीने बघितलं. नीट बघितलं. आणि पंचवीस पावलांवरून स्वतःच मारला. बॉल खांबाच्या वरून गेला. पुढे टायब्रेकरमध्ये दिपालीच्या टीमची गोलकीपर दुर्गा हिने दोन अडवले आणि टीम फायनलला गेली, म्हणून नाचण्याच्या गोंधळात कुणी काही विचारलं नाही. हर्षासुद्धा नाही. फक्त पप्पांनी स्कूटर सुरू करता करता एकदा तिच्याकडे बघितलं, आणि मान हलवली नाही.

फायनल दुर्गला होती, सकाळी सातला. कॉलेजची बस सहाला गेटवरून सुटणार. आदल्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर हर्षा दिपालीच्या स्कूटीजवळ घुटमळत राहिली.

“दीदी, एक विचारू? जामुलवरून पहाटे काहीच भेटत नाही. बाबा ओडिशाले गेले. आज तुमच्या घरी झोपली तं चालते का? सकाळी तुझ्यासंगच येईन.”

दिपालीला डोळ्यांपुढे दिसलं: हर्षा त्यांच्या पाटावर, पप्पा तिला ताटात चटणीने मैदान काढून कॉर्नर समजावताहेत, आई आणखी एक पोळी वाढते आहे.

“पाहुणे आले ना घरी,” ती म्हणाली. “साकोलीचे. पाच जण. कुठी झोपवू तुले?”

“हो का. मंग राहू दे.” हर्षाने लगेच मान हलवली. “मी येतो कसीतरी. तू नको टेन्शन घेऊ.”

घरी कुणीही पाहुणे नव्हते. दिपाली जेवून लवकर झोपली, आणि तिला छान झोप लागली. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज या झोपेची वाटली.

सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना तिचा फोन वाजला. हर्षाकडे तिच्या आईचा बटनवाला फोन असायचा. त्यावर टीममधले दोनच नंबर होते, मॅडमचा आणि दिपालीचा. मॅडम फॉर्म जमा करायला आधीच दुर्गला पोचल्या होत्या आणि त्यांचा फोन बंद होता. दिपालीने स्क्रीनवरचं नाव बघितलं, फोन मूक केला आणि बॅगेत टाकला. बॅगेत तो थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला.

“हर्षा कहाँ है?” बसमधून दुर्गाने विचारलं. “थोडा रुकें क्या?”

“टाइम हो गया. वो सीधे आएगी,” दिपाली म्हणाली, आणि ड्रायव्हरला हाताने खूण केली.

दुर्गच्या मैदानावर मॅडमनी मुली मोजल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, “दिपाली, तुम फॉरवर्ड.”

म्हणजे हवं होतं ते मिळालं. शेवटच्या सीझनची फायनल, आपली जागा, विद्यापीठाचे निवड करणारे दोन सर खुर्च्या टाकून बसलेले, आणि पप्पा नाइट शिफ्ट संपवून, डोळे तारवटलेले, तरी आलेले. अठराव्या मिनिटाला तिने तो गोल केला. डावा पाय, घोटा कडक, बॉल गोलकीपरच्या बोटांना लागून आत. मुली अंगावर कोसळल्या. त्या ढिगाऱ्यातून मान वर काढून दिपालीने पप्पांना शोधलं. पप्पा टाळ्या वाजवत होते, पण बघत होते मैदानाच्या फाटकाकडे. हर्षा का आली नाही, ते शोधत होते.

हाफ टाइमला ती आली. भाजीच्या पिकअपमधून उतरून स्टेशनपासून पळत आली होती. सलवार गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेली, बूट गळ्यात लटकवलेले. आधी पप्पाच तिच्याकडे धावले.

“कुठी होती पोरी?”

“पाच वाजता घरून निघाली काका, पायी. गेटवर आली तं बस गेली होती.” तिला धाप लागली होती. मग तिने दिपालीकडे बघितलं. “दीदी, चारदा फोन केला. दहाच मिनिटं थांबा म्हणायचं होतं.”

“सायलेंटवर होता,” दिपाली म्हणाली.

“असू दे.” हर्षा बूट चढवायला खाली बसली, आणि नाडी बांधता बांधता, अगदी साधेपणाने, वर बघून म्हणाली, “काका, पाहुणे हायेत अजून? मले वाटलं, पाहुणे सोडून तुम्ही येता का नाही.”

“कोणते पाहुणे?”

“साकोलीचे. कालचे.”

पप्पांनी हर्षाकडे बघितलं, मग दिपालीकडे. हर्षाची बोटं नाडीवरच थांबली. तिला कळायला फार वेळ लागला नाही. हुशार मुलगी होती. मॅडमना मराठी कळायची नाही, पण त्या तिघांचे चेहरे वाचायला भाषा लागत नव्हती.

“हर्षा, अंदर. दिपाली, पीछे हाफ,” त्या एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या हाफच्या पाचव्याच मिनिटाला दिपालीच्या पायातून बॉल निसटला आणि एक-एक झाला. मग तिने हर्षाला पासवर पास दिले, नको तिथेही दिले, जणू सगळी परतफेड वीस मिनिटांत करायची होती. हर्षा धावली, जीव तोडून धावली, पण सकाळपासून सहा किलोमीटर चाललेली पोर ती. शेवटी तिच्या पोटरीत गोळा आला आणि ती गवतात बसली. त्याच मिनिटाला समोरच्यांनी दुसरा गोल केला.

हरल्यावर यादी वाचली गेली. विद्यापीठाच्या टीममध्ये त्यांच्या कॉलेजच्या दोघी: दुर्गा आणि हर्षा. दिपालीचं नाव राखीव खेळाडूंमध्ये, खालून दुसरं. निवड करणाऱ्यांना दुसऱ्या हाफच्या तीस मिनिटांत जे दिसायचं ते दिसलं होतं.

घरी पोचल्यावर पप्पा बूट न काढता पायरीवर बसले. आई पाणी घेऊन आली, दोघांचे चेहरे बघून पेला ठेवून आत गेली.

“ते पाहुणे कोण होते, ते तं सांग,” पप्पा म्हणाले.

दिपालीने रडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती ओरडली.

“तुम्ही तिलेच सांगता सगळं! मैदानावर मराठीत बोलता तिच्यासंग! तीन वर्षं झाली पप्पा, मले एक शब्द सांगितला का तुम्ही? पाय कसा पडून राहिला, बॉल कुठी जाऊन राहिला? नुसती मान हलवता. तिच्याजवळ कावून धावत जाता मंग?”

पप्पांनी पायरीच्या कडेवरचा चुना नखाने खरडला.

“तूच म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“काय म्हटलं होतं?”

“पहिल्या वर्षी. मी कुंपणावरून ओरडलो, ‘डावा घाल बाई, डावा घाल’ म्हणून. घरी येताना तू गाडीवर मागं बसून म्हटलं, पप्पा, तुम्ही मराठीत ओरडता तं पोरी हसतात. आता मैदानात काही बोलत नका जाऊ. म्हटलं का नाही?”

तिला आठवेना. मग आठवलं. सुपेल्याच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली होती आणि ती पप्पांच्या पाठीला हे बोलली होती. पप्पांनी फक्त “बरं” म्हटलं होतं.

“मंग मी चूप बसलो,” पप्पा म्हणाले. “मले वाटलं, पोरगी मोठी झाली, शिकून झालं तिचं. त्या पोट्टीनं पहिल्याच दिवशी जाळीपाशी येऊन विचारलं, काका, माझा बॉल वाकडा कावून जाते? कोणी विचारलं तं माणूस बोलते, दिपाली.” मग ते उठले. “पण ते माझं-तुझं. तिनं काय केलं होतं? पहाटे पाच वाजता पायी निघाली एकटी पोर. काही झालं असतं तं?”

दिपालीने पायरीवरचा न प्यायलेला पेला उचलून आत नेऊन ठेवला.

हर्षा मग मैदानावर यायची बंद झाली. विद्यापीठाचा कॅम्प तीन आठवड्यांवर होता. पप्पा दोनदा तीनला शिफ्ट सुटल्यावर कॉलेजच्या जाळीशी जाऊन तासभर बसून आले. घरी आल्यावर पायातले मोजे काढून तसेच हातात धरून बसायचे. दिपालीला वाटलं होतं, हर्षा गेली की जागा मोकळी होईल. तसं काहीच झालं नाही.

रविवारी ती स्कूटी घेऊन जामुलला गेली. घर विचारत विचारत सापडलं. पत्र्यांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर सिमेंटची फिकट धूळ. दारात हर्षाची आई अंजनाबाई मेथी निवडत बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या स्वागतावरूनच कळलं.

“कापगते काकाची पोरगी का तू? ये ये. हर्षा, कोण आलं बघ!”

हर्षा बाहेर आली. दिपालीला बघून तिने हातातली बादली खाली ठेवली, आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून अंगणाच्या टोकाशी गेली. दिपाली मागोमाग गेली.

“घरी पाहुणे नव्हते,” दिपाली म्हणाली. “फोनही दिसला होता. चारही वेळा. मी मुद्दाम नाही उचलला.”

“माहीत हाय.”

“अन् सेमीफायनललाही...”

“तेही माहीत हाय. मी बघत होती ना तुझ्याकडे.” हर्षाने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं. “कावून पण? तुझी जागा मी मागितली नव्हती. मॅडमनं दिली.”

“जागेसाठी नाही.” दिपालीला हे बोलायला फार जड गेलं. “पप्पा तुझ्याशी मैदानात मराठीत बोलतात. म्हणून.”

हर्षाला आधी हसू आलं. खरंच आलं, मध्येच तुटलेलं. मग तिचं तोंड लाल झालं.

“एवढ्यासाठी? मी अंधारात निघाली त्या दिवशी. दोन कुत्रे मागं लागले फॅक्टरीच्या भिंतीपाशी. आईले खोटं सांगितलं मी, की दीदीच्या घरून गाडी येऊन राहिली म्हणून. अन् तू एवढ्यासाठी?”

“हो.”

“माफी नको मागू दीदी. मी नाही करत माफ.”

“बरं,” दिपाली म्हणाली. तिने मागितलीही नसती. मागायची हिंमतच नव्हती.

अंजनाबाईने चहा आणला. दोघी उभ्यानेच प्यायल्या. दिपालीने स्कूटीला किक मारली, तेव्हा हर्षा मागून म्हणाली, “काकाले सांगजो, मी बुधवारी येईन. कॉर्नर शिकायचा राहिला माझा.” आणि आत निघून गेली.

रुआबांध्याला पोचेपर्यंत दिपालीने ते वाक्य तीनदा गिळलं. सांगितलं नाही तरी कुणाला कळणार नव्हतं. बुधवारी पप्पांना सेकंड शिफ्ट लागली असती तर प्रश्नच मिटला असता. घरी पप्पा पलंगावर पेपर वाचत होते.

“हर्षा बुधवारी येते,” ती दारातूनच म्हणाली. “कॉर्नर शिकायले.”

पप्पांनी पेपर खाली केला. त्यांचा चेहरा असा उजळला, की दिपालीच्या पोटात तीच मूठ पुन्हा आवळली गेली, तितकीच घट्ट. तिला वाटलं होतं, सगळं सांगून टाकल्यावर ही मूठ सुटेल. ती तशीच होती. आता फक्त दिपालीला ती ओळखता येत होती.

“बुधवारी फर्स्ट शिफ्ट हाय मले,” पप्पा म्हणाले. “जमते. तीनला सुटतो. तू येशील?”

“कॉर्नरचा बॉल डोक्याने मारायले कोणीतरी नको का गोलसमोर?” ती म्हणाली. “मी आत उभी राहीन. पण माझं हेडिंग कसं पडते ते सांगाल तुम्ही. मोठ्याने.”

“मराठीत?”

“मराठीतच.”

पलंगाखालून तिने बॉल ओढून काढला. दोन आठवडे पडून राहिल्याने तो मऊ पडला होता. कपाटावरचा पंप घेऊन ती अंगणात बसली आणि सुई आत घातली.

“किती वाजता म्हणाली ती?” पप्पांनी आतून पुन्हा विचारलं.

“नाही सांगितलं,” दिपाली म्हणाली, आणि पंप मारत राहिली.